परसातली दहा टोमॅटोची झाडं : प्लॉटचे नियम इथे लावू नका

🍅 *कृषी सल्ला – परसबाग धडा*



गणपती बसले, परतीचा पाऊस अजून यायचा आहे, आणि कांद्याच्या रोपांमुळे कुणाला उसंत नाही. तरी आजचा धडा शेताचा नाही, घरामागच्या जागेचा आहे. कारण वेळ हीच आहे. या आठवड्यात बी टाकलं तर दसऱ्याच्या आसपास लागण होते आणि डिसेंबरच्या मध्यापासून घरचा टोमॅटो सुरू होतो.

मेसेज मोठा आहे. जेवण झाल्यावर निवांत वाचा, घरात ज्या ताई परसबाग बघतात त्यांना वाचून दाखवा.

*१. दहाच झाडं का, आणि कशासाठी?*

चांगलं सांभाळलेलं एक झाड परसात दोन ते तीन किलो माल सहज देतं. दहा झाडांचे झाले २० ते ३० किलो. तोडा आठ-दहा आठवडे चालतो. म्हणजे आठवड्याला अडीच-तीन किलो. पाच-सहा माणसांच्या घराच्या भाजी-आमटीला एवढं पुरतं. पन्नास झाडं लावली तर ती सांभाळली जात नाहीत, आणि न सांभाळलेलं झाड काय करतं ते पुढे सांगतो.

पैशाचा हिशोब मांडाल तर डिसेंबर-जानेवारीत बाजारात टोमॅटो बहुतेक वेळा स्वस्तच असतो, बचत फार मोठी दिसणार नाही. खरा हिशोब ताटाचा आहे. संगमनेर-अकोल्याच्या पट्ट्यात आपण टोमॅटोचे प्लॉट करतो, तोडा तीन-चार दिवसांनी होतो, आणि फवारणीही मधे चालूच असते. औषधाच्या लेबलवर "फवारणीनंतर इतके दिवस काढणी करू नये" असं लिहिलेलं असतं. यालाच काढणीपूर्व प्रतीक्षा काळ म्हणतात. काही औषधांचा हा काळ आपल्या दोन तोड्यांमधल्या दिवसांपेक्षा जास्त असतो. अशा वेळी क्रेटमधले चार टोमॅटो घरात येतात आणि पोराच्या हातात तसेच जातात. वरवरचं औषध धुऊन बरंच निघतं. आंतरप्रवाही औषध फळाच्या आत गेलेलं असतं, ते धुऊन निघत नाही.

म्हणून परसातल्या दहा झाडांसाठी पहिला नियम: *शेतातलं उरलेलं औषध इथे आणायचं नाही. "पंपात थोडं राहिलंय, मारून टाकतो" हे बंद.* शेतात तोडा लांबवता येतो. परसात पोरं येता-जाता फळ तोडून खातात, त्यांना प्रतीक्षा काळ कोण सांगणार?

याचा अर्थ "घरासाठी वेगळं, गिऱ्हाईकासाठी काहीही" असा काढू नका. आपला माल ज्याच्या घरी जातो त्याच्याही घरात पोरं आहेत. प्रतीक्षा काळ प्लॉटमध्येही पाळायचाच. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी ते कपाशीच्या नावाने घरात येतं आणि भाजीवर जातं, असं ठिकठिकाणी दिसतं. ते थांबवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, ते विसरायला नको.

*२. जागा कशी निवडाल?*

• दिवसातून किमान सहा तास ऊन हवं. लिंबाखाली, नारळाखाली, भिंतीच्या उत्तरेला झाड नुसतं उंच वाढतं, फळ धरत नाही.

• वस्तीवर राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. घर शेताला लागून असतं. डाळिंब, कांदा, द्राक्ष, ज्याची फवारणी असेल तिचा फवारा वाऱ्याबरोबर परसात येतो. म्हणून टोमॅटो घराच्या अशा बाजूला लावा जिथे घराची आडभिंत मिळेल. शेजारच्या रानात फवारणी असेल त्या दिवशी झाडांवर जुनी साडी टाका आणि त्या दिवशी तोडा करू नका.

• काकडी, दोडका, भोपळ्याच्या मांडवाखाली टोमॅटो नको. एक तर सावली, आणि दुसरं म्हणजे काकडीवर्गीय वेलांवरचा विषाणू मावा किडीमार्फत टोमॅटोवर येतो.

• टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे सगळे एका कुळातले. गेल्या वर्षी जिथे वांगी होती तिथे यंदा टोमॅटो नको. तिथे मेथी, वाल, गवार घ्या.

• कोंबड्या आणि शेळ्यांपासून वाचवायला बाभळीच्या काट्या किंवा जुन्या साड्यांचं कुंपण पुरतं. पण आधी कुंपण, मग लागण.

जागा नसेल तर १५-२० लिटरची बादली किंवा सिमेंटची रिकामी गोणी चालते, बुडाला भोकं पाडा. एका बादलीत एकच झाड. *औषधाचा रिकामा कॅन किंवा ड्रम कितीही धुतला तरी वापरायचा नाही, झाड लावायलाही नाही आणि पाणी घालायलाही नाही.*

*३. बी कोणतं?*

बाजारात जी रोपं मिळतात ती बहुतेक संकरित असतात. प्लॉटसाठी आणलेल्या रोपांतली दहा उरली आणि परसात लावली तर हरकत नाही, माल येईल. पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, कुठलं कसं निघेल सांगता येत नाही. दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

परसासाठी सरळ म्हणजे सुधारित वाण घ्या. आपल्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथली दोन नावं लक्षात ठेवा:

*धनश्री* – मध्यम गोल, नारिंगी छटेची फळं. पर्णगुच्छ म्हणजे बोकड्या या विषाणू रोगाला कमी बळी पडते. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी हीच घ्यावी.

*भाग्यश्री* – लालभडक, गर भरपूर, बिया कमी. प्रक्रियेसाठी काढलेली जात आहे, म्हणून घरच्या चटणी-सॉसला उत्तम.

राहुरीचीच फुले राजा ही जात मात्र संकरित आहे, तिचं बी धरू नका. विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात किंवा बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत बियाण्याची चौकशी करा.

एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात. दहा झाडांसाठी वीस बिया टाकल्या तरी खूप झालं. एक पाकीट गल्लीतल्या चार-पाच घरांनी वाटून घ्या.

*४. रोप*

नारळाच्या करवंट्या, कागदी कप किंवा जुना ट्रे, काहीही घ्या, बुडाला भोक हवं. चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत निम्मं-निम्मं. त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा मिसळा. या दिवसांत हवा दमट असते, रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. त्याचं मुख्य कारण जास्त पाणी. माती ओलसर हवी, चिखल नको.

बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल नको. पाच ते आठ दिवसांत उगवतं. उगवल्यावर लगेच उन्हात आणा. घरात ठेवलेलं रोप लांबट आणि लेचंपेचं होतं. पांढरी माशी बसू नये म्हणून वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा किंवा पातळ कापड बांधा. *बोकड्या रोप लहान असतानाच लागतो, नंतर औषध नाही.* रोपाचे पहिले २५ दिवस जपले तर अर्धं काम झालं.

आणखी एक. तंबाखू चोळलेल्या किंवा मिश्री लावलेल्या हाताने रोपाला हात लावू नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो आणि तो हातातून जातो. आधी साबणाने हात धुवा. ऐकून हसू येतं, पण खरं आहे.

*५. लागण*

२५ ते ३० दिवसांत रोपाला पाच-सहा पानं येतात. मग लागण करा, तीही उन्हं कलल्यावर.

• खड्डा हात-दीड हात रुंद, फूटभर खोल. घराभोवती बांधकामाचा राडा-मुरूम असतो, तो काढून रानातली माती भरा.

• दोन खड्ड्यांत मिळून एक घमेलं *पूर्ण कुजलेलं* शेणखत आणि खड्ड्याला मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण टाकलं तर हुमणी आणि बुरशीला आमंत्रण.

• अंतर दोन फूट बाय दीड फूट. दाट लावून जास्त माल येत नाही, करपा येतो.

• काळ्या जमिनीत गादीवाफा किंवा वरंबा करूनच लावा. परतीचा पाऊस एका रात्रीत दहाही झाडं बसवतो.

• दहाही झाडं एकाच दिवशी लावू नका. पाच आत्ता, पाच तीन आठवड्यांनी. तोडा लांबतो.

• चारही कडांना एकेक झेंडू लावा. फळ पोखरणारी अळी ज्या पतंगाची असते तो झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो. फुलं आठवड्याने तोडून तपासा.

*६. पाणी – परसात सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच*

ताई विचारतात, "फळ वरून चांगलं दिसतंय, पण बुडाला काळा, खोलगट डाग पडतोय. कोणतं औषध मारू?" उत्तर: कोणतंच नाही. हा रोग नाही, कीडही नाही. फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोहोचलं नाही की असा डाग पडतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून बरेच जण अंड्याची टरफलं किंवा चुना टाकतात. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनी चुनखडीच्या आहेत, कॅल्शियम मातीत भरपूर पडलेलं असतं. ते पाण्याबरोबरच झाडात चढतं. आपण शेतावर गेलो, चार दिवस पाणी दिलं नाही आणि पाचव्या दिवशी बादलीभर ओतलं, की मधल्या चार दिवसांत ते चढत नाही. चुना टाकून जमीन आणखी विम्ल होते, फायदा काही नाही.

फळं तडकतात त्याचंही कारण हेच. ताण, मग एकदम भरपूर पाणी.

उपाय सोपा आहे: *थोडं, पण ठरल्या दिवशी.* ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळावरच्या झाडाला दर दोन-तीन दिवसांनी दीड-दोन लिटर पाणी साधारण पुरतं. बादलीतल्या झाडाला रोज लागतं. खात्री करायची तर बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज थांबा. पाणी बुडाशी द्या, पानांवर शिंपडू नका, आणि सकाळी द्या.

दिवसभर शेतात असणाऱ्यांसाठी दोन जुगाड:

– दोन झाडांमध्ये एक मडकं गळ्यापर्यंत पुरा. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घाला. मडकं भरून झाकण ठेवा. ओल हळूहळू झिरपत राहते.

– ठिबकच्या लॅटरलचा उरलेला तुकडा आणि २० लिटरचा पाण्याचा स्वच्छ कॅन. कॅन कट्ट्यावर ठेवला की झालं.

बुडाशी उसाचं पाचट, भुसा किंवा वाळलेलं गवत दोन-तीन इंच पसरा. पाणी निम्मं वाचतं असं म्हणणार नाही, पण पाण्याची एखादी पाळी नक्की लांबते आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. करप्याची सुरुवात या शिंतोड्यांतूनच होते.

सांडपाण्याबद्दल: भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. कपड्याच्या पावडरचं पाणी टोमॅटोला नको. त्यातल्या सोडियमने माती कडक होते, आणि प्रवरा पट्ट्यात चोपणाचा त्रास आधीच आहे.

*७. बांधणी आणि खत*

लागणीनंतर १५-२० दिवसांत प्रत्येक झाडाला पाच फुटी बांबू किंवा मजबूत काठी द्या. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून बांधा, खोडाला फास बसू देऊ नका. पहिल्या फुलाच्या गुच्छाखालच्या बगलफुटी लहान असतानाच बोटाने मोडा. जमिनीला टेकणारी पानं काढून टाका. खालचं फूटभर खोड मोकळं राहिलं की हवा खेळते.

खताचं म्हणाल तर युरियाचा मोह टाळा. पोतं घरात असतं म्हणून मूठभर पडतो, झाड हिरवंगार आणि गच्च होतं, फुलं मात्र येत नाहीत. मावाही अशाच लुसलुशीत शेंड्यावर बसतो. दर १५ दिवसांनी झाडाला ओंजळभर गांडूळ खत द्या, पुरे. चुलीची राख देत असाल तर चिमूट-दोन चिमूट, त्याहून जास्त नको. आपल्या जमिनीचा सामू आधीच चढा आहे.

*८. कीड-रोग: रोज पाच मिनिटं*

दहा झाडं आहेत, प्रत्येक पान उलटून बघता येतं. प्लॉटमध्ये हे शक्य नाही, परसात आहे. परसाचा खरा फायदा हाच.

*पानं वर वळून बारीक, पिवळसर, झाड खुजं* – बोकड्या. झाड उपटा, पिशवीत घाला, लांब नेऊन पुरा किंवा जाळा. हळहळू नका, नाहीतर बाकीची नऊ जातील.

*खालच्या पानांवर गोल गोल कडी असलेले तपकिरी डाग* – लवकर येणारा करपा. ती पानं काढा, पानांवर पाणी घालणं बंद करा.

*पानात पांढरट फुगीर पापुद्रे, फळाला टाचणीएवढी भोकं* – टुटा ही नागअळी. ही कीड मूळची दक्षिण अमेरिकेतली. भारतात ती २०१४ साली आपल्या महाराष्ट्रातच पहिल्यांदा नोंदली गेली. पान-फळ तोडून पिशवीत बंद करा, उकिरड्यावर टाकू नका.

*फळाला मोठं भोक, अळी निम्मी आत* – फळ पोखरणारी अळी. हाताने वेचा.

पांढरी माशी आणि माव्यासाठी तुपाच्या-तेलाच्या डब्याचं झाकण पिवळं रंगवा, त्यावर एरंडेल तेल चोळा आणि झाडाच्या उंचीवर टांगा. आठवड्याने पुसून पुन्हा तेल लावा.

निंबोळी अर्क: १०० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, एकूण पाणी २ लिटर करा, किंचित साबण मिसळा. संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. हा ५ टक्के अर्क झाला. फवारणीचा डबा *वेगळा* ठेवा, शेतातला पंप वापरू नका. तोडलेली फळं धुऊनच खा.

*फुलं गळतात* अशीही तक्रार येते. दिवसा ३५ अंशांच्या वर ऊन असेल किंवा रात्री फार गारठा असेल तर फळधारणा कमी होते, त्याला इलाज नाही. म्हणूनच लागण वेळेवर हवी. डिसेंबरच्या थंडीत फळ उशिरा लाल होतं, तेही चालायचंच. रंग फिरलेली फळं तोडून घरात ठेवा, पिकतात.

*९. परसातलं एक झाड आणि शेजारचा एकर*

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२० च्या उन्हाळ्यात संगमनेर-अकोले भागात टोमॅटोची फळं डागाळली, रंग एकसारखा येईना. लोकांनी त्याला "तिरंगा" नाव दिलं. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि त्यात प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. माणसालाही त्यातून काही होतं अशा अफवा तेव्हा फिरल्या. वनस्पतीचे असे विषाणू माणसाला बाधत नाहीत. शेतकऱ्याचं नुकसान मात्र खरं होतं.

विषाणू आणि टुटा जिवंत झाडावर जगतात. प्लॉट संपला, रान नांगरलं, की त्यांना मधल्या काळात आसरा लागतो. मार्चनंतर परसात वाळत उभी राहिलेली, कुणी न बघितलेली दोन-चार झाडं हाच तो आसरा. तिथून पुढच्या लागणीच्या प्लॉटवर जायला पांढऱ्या माशीला कितीसा वेळ लागतो? ज्याचा एकरभर प्लॉट आहे त्याने रोपं, बांबू, तार, मल्चिंग सगळ्यात पैसे घातलेले असतात. तेव्हा *तोडा संपला की आठ दिवसांच्या आत झाडं मुळासकट उपटायची.* "अजून चार फळं येतील" म्हणून ठेवायची नाहीत. शेजाऱ्याच्या परसातही हे सांगा, भांडण न करता.

*१०. बी धरा*

सरळ वाण असेल तर उपटण्याआधी बी धरा. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे जात टिकते. सगळ्यात निरोगी झाडाच्या दुसऱ्या-तिसऱ्या गुच्छाला लाल दोरा बांधा, म्हणजे घरात कुणी तोडणार नाही. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या. गर काढून वाटीत एक-दोन दिवस आंबवा, चोळून धुवा, तरंगणारं बी टाकून द्या, खाली बसलेलं सावलीत कागदावर वाळवा. कागदी पुडीत, वर जात आणि तारीख लिहून, कोरड्या डब्यात ठेवा. नीट ठेवलं तर तीन वर्षं चालतं. रोगट झाडाचं बी कितीही मोठं फळ असलं तरी नको.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपायला सुरुवात केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याची बँक म्हणजे सुरुवातीला एका घरातली गाडगी-मडकीच असतात. आपण निदान एक पुडी तरी ठेवू.

*या आठवड्याचं काम*

✅ ऊन कुठे किती तास येतं ते बघून जागा ठरवा
✅ खड्डे काढून तापू द्या
✅ चार-पाच घरांत मिळून एक पाकीट बी
✅ करवंट्या भरून बी टाका, वर कापड बांधा

दसऱ्याच्या आठवड्यात लागणीची आठवण पाठवतो. पानावर काही वेगळं दिसलं तर पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून याच नंबरवर पाठवा. आधी फोटो, मग उपाय. तातडीचं असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, फोन मोफत आहे.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, अहिल्यानगर जिल्हा